उंबऱ्यावर अडलेले पाय

गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीतल्या एका बाईंना डॉक्टरांनी कंपवात सांगितला. त्या रडतच माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही कसं निभावलं ते लिहून द्या मला." आयुष्यभर मी पोरांना निबंध लिहायला बसवलं, आता कुणीतरी मला बसवतंय. तर लिहिते. औषधांचं डॉक्टरांना विचारा. मी घराबद्दल आणि पायांबद्दल सांगणार. पाय माझेच आहेत, पण अलीकडं ते जावयासारखे वागतात. कधी निघायचं आणि कधी दारात रुसून उभं राहायचं, ते त्यांचं तेच ठरवतात.

आधीची मी

आधी माझ्या तरुणपणाची ओळख करून देते, कारण या सगळ्यात खरा उपद्रव तिचाच.

ती बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि रस्त्यानं चालायची नाही, सुटायची. नवरा इथंच नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात. स्वभावानं मालगाडी. बाजारात ही पुढं आणि ते मागं दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. हिला वाटायचं, आपण चालतो म्हणून घर चालतं.

घर बांधायला काढलं तेव्हा तर ती मिस्त्रीच्या उरावरच बसली. हॉलमध्ये आरशासारखी फरशी पाहिजे, का, तर शेजारणीकडं आहे. प्रत्येक खोलीला काळ्या दगडाचा उंच उंबरा पाहिजे, नाहीतर घर बसस्टँडसारखं दिसतं. न्हाणीघर दोन पायऱ्या खाली पाहिजे, पाणी बाहेर यायला नको. कडी पार वर पाहिजे, लेकराचा हात पुरायला नको. भांडी सगळी माळ्यावर. यांनी एकदा विचारलं होतं, "अगं, म्हातारपणी कसं करशील?" तर ती म्हणाली, "म्हातारं व्हायला मला वेळ कुठं हाय?"

तिला वेळ नव्हता. म्हातारपणाला होता. ते आलं आणि तिनं बांधलेल्या प्रत्येक उंबऱ्यावर मला ठेचकाळवत राहिलं.

निदानाचा दिवस

उजवा हात थरथरायचा. मला वाटायचं, राग येतो म्हणून थरथरतो, आणि राग तर मला रोजच यायचा. मग अक्षर बारीक झालं. फळ्यावर माझं एक अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता यायचं, आणि आता मी किराण्याची यादी लिहिली की हे चष्मा काढून, पुसून, परत लावून विचारायचे, "हे तूर हाय का तूप?" डाळ करपली तरी वास यायचा नाही. त्याचं मला काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं, कारण त्या दिवसांत डाळ हेच शिजवायचे.

शेवटी मुलगा संजू लातूरहून आला आणि आम्हाला घेऊन डॉक्टरांकडं गेला. डॉक्टरांनी बोटं उघडमीट करायला लावली, कागदावर एक ओळ लिहून घेतली, मग म्हणाले, "आजी, जरा बाहेर या पॅसेजमध्ये चालून दाखवा. काका, तुम्हीपण चला त्यांच्याबरोबर."

आम्ही चाललो. अर्ध्यात गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मला यांची पाठ दिसतेय. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हे माझ्या पुढं चालत होते. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते थांबले आणि उगीचच भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागले, मी येईपर्यंत.

डॉक्टर म्हणाले, "कंपवात आहे. पार्किन्सन्स म्हणतो आम्ही."

"बरा होतो का?"

"जात नाही. सोबतच राहतो. पण नीट सांभाळलं तर त्याच्याबरोबर चांगलं जगता येतं."

"म्हणजे नवऱ्यासारखाच म्हणा की."

डॉक्टर हसले, हे हसले. संजू हसला नाही. तो खाली बघून मोबाईलवर काहीतरी शोधत बसला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की या आजाराची भीती सगळ्यात जास्त कुणाला बसणार आहे.

परत येताना ऑटोत मी रडले. हे ऑटोवाल्याला म्हणाले, "गोदावरीच्या पुलाकडून घ्या." आमचं घर त्या बाजूला नाही. तो लांबचा वळसा मी पुरेपूर वापरला. घराशी उतरले तेव्हा डोळे कोरडे होते आणि शेजारणीला काही सांगावं लागलं नाही.

न्हाणीघरातली बाई

पहिलं वर्ष गोळ्यांवर बरं गेलं. मग पाय अडायला लागले. ज्यांना हे झालं नाही त्यांना सांगते कसं असतं ते. तुम्ही नीट चालत येता आणि दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. दुखत काही नाही. डोकं म्हणतं चल, छाती म्हणते चल, पण पाय ऐकत नाहीत. मोकळ्या अंगणात मी बरी चालायची, पण दार दिसलं की संपलं. आणि आमच्या घरात त्या बाईच्या कृपेनं दारंच दारं, उंबरेच उंबरे.

उन्हाळ्यात एका सकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय थांबले आणि मी थांबले नाही. दोन पायऱ्या खाली गेले ती थेट बादलीवर. कडी मी उंबऱ्यावर उभं राहूनच लावलेली, पार वरची. बाहेरून हे दार वाजवतायत आणि आतून मी सांगतेय, "अहो, हात पुरत नाही." लेकराचा हात पुरू नये म्हणून लावलेली कडी. शेवटी यांनी आणि शेजारच्यांनी मिळून दार तोडलं. दार तुटताना मला हायसं वाटलं आणि दाराचं वाईटही वाटलं, सागवानी होतं.

मनगट मोडलं होतं. दवाखान्यात हाडाला धातूची पट्टी बसवायला ऑपरेशन झालं. दवाखान्यातले दिवस लांब असतात. पहाटे झाडू, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग नातेवाइकांची फेरी. नातेवाईक जास्त अवघड, ते सगळे विचारतात, "पडल्या कशा?" आणि प्रत्येकाला ते पडून दाखवल्याशिवाय पटत नाही. कंपवाताच्या गोळ्यांची वेळ पाळावी लागते, नाहीतर अंग लाकूड होतं. ते काम यांनी घेतलं. नोकरीत असताना गाड्यांची वेळापत्रकं बघणारा माणूस. गोळीची वेळ झाली की पाण्याचा ग्लास घेऊन खाटेशी हजर. म्हणायचे, "घे, राइट टाइम."

शेजारच्या खाटेवर हिमायतनगरकडची एक बाई होती, पायाचं हाड मोडलेली. तिला उठता यायचं नाही, मला हात हलवता यायचा नाही. मी तिच्या खाटेवर जाऊन पाठमोरी बसायची आणि ती पडल्या पडल्या माझी वेणी घालायची. त्या दवाखान्यात मला सगळ्यात जास्त गुण कशाचा आला असेल, तर त्या वेणीचा.

लातूरचा पाहुणचार

तिथून संजूनं परस्पर लातूरला नेलं. तो तिथं एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. सून मीरा बँकेत आहे. त्यांनी त्यांची स्वतःची बेडरूम आम्हाला दिली, संडासात धरायला दांडा बसवला, दिवसा एक बाई ठेवली. तक्रारीला जागा ठेवली नाही, हीच माझी अडचण.

मी गॅसजवळ गेले की मीरा हळूच माझ्या हातातलं पातेलं काढून घ्यायची. "आई, राहू द्या, मी करते." प्रेमानंच. मी पोळपाटाकडं बघितलं की बाई पोळपाट उचलायची. भाजी निवडायला मागितली तर ती निवडून आलेली. दोन महिन्यांत मला त्या घरातल्या पंख्याची पाती पाठ झाली. आमचे हे, म्हणजे संजूचे अण्णा, गॅलरीतून खालच्या रस्त्यावरची वाहनं बघत बसायचे. एकदा म्हणाले, "इथल्या गाड्यांना टाइमटेबलच न्हाई." तेवढीच काय ती त्यांची तक्रार.

श्रावणात संजूनं विषय काढला. जेवताना, मान खाली घालून.

"आई, नांदेडचं घर भाड्यानं देऊ. एक चांगलं कुटुंब विचारून राहिलंय."

"आणि आम्ही?"

"तुम्ही इथं. कायमचं."

मी म्हणाले, "माझ्या घराला काय झालं?"

"घराला काही नाही झालं, आई. तुला झालंय." मग जरा थांबून म्हणाला, "तुला माहीत नाही. फोनवर अण्णांचं नाव दिसलं की मी आधी 'आई पडली का' विचारतो. वर्गात शिकवताना फोन उलटा ठेवतो, अन् मग वाटतं, उलटा ठेवला तेव्हाच आला असंल."

मी भांडायची सगळी तयारी केली होती, पण समोर भांडणारा माणूस नव्हता. घाबरलेलं लेकरू होतं. मी एवढंच म्हणाले, "महालक्ष्म्या माझ्या घरी बसव. एवढ्या वेळी." तो हो म्हणाला. ठरलं असं की महालक्ष्म्यांना नांदेडला जायचं, तिथंच दिवाळीपर्यंत राहून आवराआवर करायची, आणि दिवाळीआधी तो न्यायला येणार. दिवाळीनंतर घरात भाडेकरू.

महालक्ष्म्यांची पावलं

भाद्रपदात दोघी बहिणी माहेरी येतात, तीन दिवस राहतात आणि जातात. मराठवाड्यात दिवाळीपेक्षा या सणाचा थाट मोठा. पहिल्या दिवशी दारापासून देवीच्या जागेपर्यंत रांगोळीची पावलं काढायची. त्या पावलांवरून ती सगळं घर बघत आत येते. स्वयंपाकघरसुद्धा तिला दाखवायचं. आमच्या सासूबाईंचा एक दंडक होता: त्या पावलांवर घरातल्या कुणाचा पाय पडायचा नाही. ओलांडून जायचं. नवी नवरी असताना पहिल्या सणाला माझा पाय पडला होता आणि सासूबाईंनी मला जे ऐकवलं ते अजून कानात आहे.

तर त्या दिवशी मीरा दारात मुखवटा घेऊन उभी, हॉलमध्ये कॉलनीतल्या बायका, ताट वाजतंय, आणि घरातल्या मोठीनं दारात येऊन भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. मोठी कुठं? स्वयंपाकघराच्या दारात अडलेली. हातात भाकरीचा तुकडा, तोही थरथरतोय.

ताट वाजवणारीचे हात दुखले, ताट थांबलं. संजू पुढं आला. "आई, राहू दे, मी उचलून नेतो तुला."

"दहा बायकांसमोर उचलून न्यायला मी काय मुखवटा हाय का?"

हे म्हणाले, "सिग्नल पडला न्हाई अजून. थांबा जरा."

मला इतकी लाज वाटली की मी मान खाली घातली. आणि खाली माझ्या अंगठ्याच्या अगदी पुढं एक पाऊल होतं. पांढरं, ओलं, कमलनं कालवलेल्या रांगोळीत मूठ बुडवून उठवलेलं, वर पाच बोटं टेकवलेली. कमल आमच्याकडं झाडलोट करते. एकेकाळी माझ्याच वर्गात होती. माझ्या मनात आलं, आता जर मी पडले तर या पावलावर पडेन, आणि सासूबाई वर असतील तिथून ओरडतील. त्या पावलावर पाय पडू नये म्हणून मी पाय उचलला.

उचलला, म्हणजे खरंच उचलला गेला. पलीकडं टेकला. पुढं दुसरं पाऊल होतं, तेही ओलांडलं. मग तिसरं. हॉल पार करून मी दारात पोचले आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला.

मग एक जण म्हणाली, "बाई, अंगात आलं का वो तुमच्या?" आणि सरळ पाया पडली. तिचं बघून आणखी दोघी. एकीनं तर मुलाला नोकरी लागेल का विचारलं. मी सांगितलं लागेल. पुढं लागलीही, आता त्याला मी काय करू?

तीन दिवस मी घरभर फिरले. संजूला वाटलं, लातूरला गोळी बदलली होती तिचा गुण. कॉलनीला वाटलं देवी चालवून राहिली. तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या गेल्या, संजू-मीरा लातूरला गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कमलनं फरशी स्वच्छ पुसली. मी चहा करायला निघाले आणि त्याच दारात तशीच अडले.

कमल म्हणाली, "पुरणात कायतरी कमी पडलं असंल, बाई. देवी नाराज झाली."

"पुरण मी चाखलंय, त्यात काही कमी नव्हतं. रांगोळीचा डबा आण."

"आता? महालक्ष्म्या गेल्या की वो."

"आण म्हणते ना. इथं, माझ्या पायापुढं एक पाऊल काढ."

तिनं काढलं. मी ओलांडलं.

"आता पूस ते."

तिनं पुसलं. मी परत दारात येऊन उभी राहिले, अडले.

"काढ परत."

"बाई, शाळेतबी तुम्ही असंच करायच्या," ती फडकं पिळत म्हणाली. "लिव, पूस, परत लिव."

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना हे सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "बरोबर आहे. काही लोकांना समोर ओलांडायला काही दिसलं की पाय सुटतो. सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही, पण तुम्हाला होतोय तर करा." बाहेर आल्यावर हे म्हणाले, "दिवाळीला वेळ हाय अजून. घराचं बघू."

मी म्हणाले, "कुणाच्या?"

"आपल्या."

धडधाकट माणसांची पंचाईत

इथं आम्ही जो घोळ घातला तो दुसऱ्या कुणाला सुचायचा नाही. रांगोळी पुसली जाते ना, मग पुसली जाणार नाही अशी काढू. हे गेरूच्या रंगाचा ऑइलपेंट घेऊन आले, आणि कमलनं दोन दिवस बसून घरभर लक्ष्मीची पावलं उठवली. हॉल, मधली खोली, स्वयंपाकघर, न्हाणीच्या दारापर्यंत. सुरेख काढली.

रंग वाळला आणि मजा सुरू झाली. गॅसवाला दारातच थांबला. "काकू, यावरून कसा येऊ मी?" सिलिंडर पायरीवर ठेवून गेला. फरशी पुसायला कमलला पाय ठेवायला जागा नाही. ती भिंतीला धरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायची. शेजारीण यायची ती अंगणातूनच बोलायची. आमचे हे सकाळी पेपर घेऊन खुर्चीत बसले की उठायचेच नाहीत, कारण उठून जाणार कुठून?

घरात कंपवात झालेली बाई तेवढी टाचा उचलत राणीसारखी फिरत होती. बाकी धडधाकट माणसं सगळी जागच्या जागी अडकली होती. खोटं कशाला सांगू, मला त्यात फार आनंद झाला. पण चार-पाच दिवसांत हे दीनवाण्या तोंडानं म्हणाले, "अगं, मला संडासला तरी जाऊ दे."

मग देवीची मनापासून क्षमा मागून सगळी पावलं थिनरनं पुसली. देवी समजूतदार आहे, तिलाही घरात मोकळं फिरायला आवडत असेल. आणि पावलांऐवजी सरळ पिवळ्या पट्ट्या आखल्या. पिवळ्या का, तर यांनी सांगितलं, फलाटाच्या कडेला असते ती पिवळीच, माणसाची नजर तिच्यावर पडतेच. पट्टीवर पाय पडला तर कुणाला पाप लागत नाही. तरी सुरुवातीला मी मनात म्हणायची, ही सासूबाईंची पट्टी, हिच्यावर पाय द्यायचा नाही. आता सवय झालीय.

त्या बाईचं घर मोडलं

पट्ट्यांवर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या तरुण बाईनं करून ठेवलेलं बाकी सगळं निस्तरायचं होतं. मिस्त्री लावून आतले उंबरे काढले. छिन्नीचा पहिला घाव बसला तेव्हा मला जरा कसंसंच झालं. बाहेरच्या दाराचा उंबरा ठेवला, त्याच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवले. न्हाणीतल्या पायऱ्या भरून काढल्या, खरबरीत फरशी टाकली, बसायला भक्कम खुर्ची ठेवली. प्लॅस्टिकचं स्टूल ठेवू नका, ते आपल्याआधी पडतं.

कडी काढूनच टाकली. आता मी आत असले की मोठ्यानं गाणं म्हणते. गाणं थांबलं की यांनी विचारायला यायचं, असं ठरलंय. शेजारचे म्हणतात, यांना गाणं थांबायची फार घाई असते.

पायपुसणी सगळी गेली. जुन्या साड्यांची पायपुसणी विणायचा मला नाद होता, प्रत्येक दारात एक रंगीत सापळा. माळ्यावरची भांडी खाली आली, निम्मी कमलच्या घरी गेली. माठ ओट्यावर आला. कपात चहा अर्धाच घेते आणि दोनदा घेते, त्यात तोटा काही नाही. खाट उंच करून घेतली, उठताना गुडघ्यांना विचारावं लागत नाही. आरशासारख्या फरशीला काही करता आलं नाही, एवढी मोठी तोडफोड झेपणारी नव्हती. तिच्यावर मागून बंद असलेल्या चपला घालूनच चालते. घरात चपला. सासूबाई, माफ करा.

साडीचं जड गेलं. निऱ्या पायात येतात म्हणून घरात गाऊन घालायला लागले. पहिल्या दिवशी यांनी बघितलं आणि पेपरात तोंड घातलं. मी म्हणाले, "बोला काय बोलायचं ते." पेपरामागून म्हणाले, "न्हाई, मला वाटलं पाहुणे आले."

संजू येतो

दिवाळीच्या आधी ठरल्याप्रमाणं दोघं आले. गाडीत रिकामी खोकी होती, आमचं सामान भरायला. संजू दारातून आत आला आणि थांबला. पट्ट्या बघितल्या, दांडे बघितले, न्हाणीत डोकावला, कडीच्या जागी राहिलेली भोकं बघितली.

भाषण करायचा मोह आवरणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. मी उठले, पट्ट्या ओलांडत स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. मीरा सवयीनं मागं आली, पातेल्याला हात लावणार, तेवढ्यात थांबली. मग ओट्याला टेकून नुसती उभी राहिली. मी चार कप अर्धे अर्धे भरले. थोडा चहा बशीत सांडला. तिनं ट्रे उचलला, एवढंच. त्या पोरीचं मी ते कधी विसरणार नाही.

संजूनं चहा घेतला. म्हणाला, "आई, घरातलं ठीक आहे. मान्य. पण तू घरातच बसणारी नाहीस. बाहेर पट्टी नसंल तिथं काय करशील? बँकेच्या दारात, दवाखान्यात, बाजारात?"

मी यांच्याकडं बघितलं. हे उठले. मला म्हणाले, "चल, फाटकापर्यंत." फाटकाच्या अरुंद चौकटीत पट्टी नव्हती, तिथं मी नेहमी अडायची. अडले. यांनी एका हातानं फाटकाचा खांब धरला, दुसऱ्यानं माझं कोपर धरलं, आणि चप्पल काढून आपला पाय माझ्या पायांपुढं आडवा ठेवला.

"ओलांड," म्हणाले.

"अहो, तुम्हाला कसं ओलांडू? ओलांडलेल्या माणसाची वाढ खुंटते म्हणतात."

"मला अजून किती वाढायचंय?"

मी ओलांडलं. रस्त्यावर आले.

मागं संजू अंगणात उभा होता. त्यानं विचारलं, "अन् उद्या यानंही भागलं नाही तर?"

"तर मीच तुला फोन करीन," मी म्हणाले. "अण्णा नाही, मी. माझं नाव दिसलं की समज, आता न्यायला ये. तोपर्यंत अण्णांचं नाव दिसलं तर घाबरायचं न्हाई, ते नुसतं पावसाचं विचारायला करतात."

तो तिथंच पायरीवर बसला आणि खिशातून मोबाईल काढला. "नमस्कार, मी संजय बोलतोय. घराचं जरा... नाही हो, भाडं बरोबरच होतं. आमचे आई-अण्णा राहणार आहेत इथं." मीरा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, आता ह्यांना झोप लागेल बघा." आणलेली खोकी वाया जायला नकोत म्हणून मी त्यांत त्यांच्यासाठी चिवडा आणि अनारसे भरून दिले.

बाजारात

आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. कधी सकाळी अंग लाकूड असतं, कधी दुपारी जीभ जड होते, आणि मला बोलता आलं नाही की यांना काळजी वाटते, शांतता वाटत नाही. काही दिवस चांगले असतात. चांगल्या दिवशी आम्ही भाजीला जातो.

परवा भाजीच्या दोन हातगाड्यांमधल्या बोळीत मी अडले. यांनी नेहमीसारखा गाडीचा खांब धरला आणि पाय माझ्यापुढं आडवा घातला. समोरची भाजीवाली उभीच राहिली. "ओ काका, म्हातारीला पाडता का काय?"

"चालवून राहिलो," हे म्हणाले.

"असं चालवतात व्हय?"

"आमच्यात असंच चालवतात."

मी ओलांडलं. पुढं जागा पुन्हा अरुंद झाली, यांनी पाय पुन्हा ठेवला. भाजीवाली कोथिंबीर निवडायची सोडून बघत बसली. तिच्यापर्यंत पोचायला आम्हाला बराच वेळ लागला. पण घाई कशाला करायची? भाजी घेऊन आम्हाला घरीच जायचं होतं.